छपाईची चावी कुणाकडे?

(तालुका पातळीवरील सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



कायदा, समुपदेशन, पोलिसांशी बोलणं या सगळ्या सत्रांनंतर प्रिंटरवरचं भाषण ठेवलंय, याचं काहीजणींना नवल वाटलं असेल. यंत्र बिघडलं की माणूस बोलवावा, त्यात भाषण ते काय करायचं, असंही कुणी म्हणेल. मला नेमकं त्या 'माणूस बोलवावा' या सवयीबद्दलच बोलायचं आहे.

आपल्या केंद्रांतलं चित्र आठवा. दहा-बारा कार्यकर्त्या असतात. पोलीस ठाण्यात फौजदाराला कलम वाचून दाखवणाऱ्या, भर ग्रामसभेत उभं राहून प्रश्न विचारणाऱ्या. पण कोपऱ्यातल्या प्रिंटरचा लाल दिवा लुकलुकायला लागला की सगळ्याजणी दोन पावलं मागे सरतात. कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी मुलगा, नाहीतर कॉम्प्युटरच्या दुकानातला पोरगा यायची वाट बघत बसतात. तो येतो, दोन बटणं दाबतो, पैसे घेतो आणि जातो. त्याने काय केलं ते कुणी विचारत नाही, तोही सांगत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

टाईप करणं बाईचं काम आणि यंत्र उघडणं पुरुषाचं, ही वाटणी कुणी निसर्गाने केलेली नाही. घरातल्या मिक्सरचं भांडं, शिलाई मशीनचा दोरा, गॅसचा रेग्युलेटर या यंत्रांशी आपण रोज झगडतो. शिलाई मशीनचं टेन्शन जमवणारीला प्रिंटरचा कागद जमणार नाही, हे मला पटत नाही.

छापणं आणि बायकांची चळवळ यांचं नातं जुनं आहे. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 साली पुण्यात छापून निघालं, म्हणून आज आपल्या हातात आहे. ते कागदावर उतरलं नसतं तर त्या बाईचा संताप तिच्याबरोबरच संपला असता. तानुबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर 'दीनबंधु'चं संपादन हाती घेतलं, तेव्हा विसावं शतक नुकतं सुरू झालं होतं. आणि आपल्याच महाराष्ट्रातलं मथुरा प्रकरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरवलं. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्राच्या प्रती फिरल्या, वाचल्या गेल्या, 1980 मध्ये ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. चार पानी मजकूर लोकांच्या हातात पोचणं म्हणजे काय असतं, ते यावरून कळतं.

आमच्या पिढीने सायक्लोस्टाईलवर पत्रकं काढली. मेण लावलेली स्टेन्सिल टाईपरायटरला लावायची, रिबन बाजूला करायची, अक्षरं ठोकली की मेण कापलं जायचं आणि त्या फटींतून शाई कागदावर उतरायची. चूक झाली तर लाल द्रव लावून वाळेपर्यंत फुंकर घालायची. कोपरापर्यंत हात काळे व्हायचे. पण ते यंत्र आम्हाला पूर्ण कळायचं. शाई कमी झाली, रोलर घसरला, स्टेन्सिल फाटली, सगळं आम्हीच बघायचो. नंतर कॉम्प्युटर आला, प्रिंटर आला, काम सोपं झालं, पण यंत्राची चावी आपल्या हातातून सुटली. ती परत घ्यायची आहे.

आता म्हणाल, कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे पाच-दहा रुपयांत काम होतं. एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एका बाईने मारहाणीविरुद्ध अर्ज लिहून घेतला. मजकूर मोबाईलवरून एस.टी. स्टँडजवळच्या दुकानदाराच्या नंबरवर पाठवला आणि तिथे छापून घेतला. दुकानदार नवऱ्याच्या ओळखीचा निघाला. अर्ज कोर्टात पोचायच्या आधी बातमी घरी पोचली. त्या रात्री तिला मुलांना घेऊन माहेरी पळावं लागलं.

तालुक्याच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. दुकानात पाठवलेली फाईल दुकानदाराच्या फोनमध्ये राहते, त्याच्या कॉम्प्युटरवरही राहते. वाकडं आलेलं पान टोपलीत जातं आणि त्याच पानात उद्या कुणी भजी बांधून देतं. घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखालचा अर्ज, घटना अहवाल, वैद्यकीय कागद, पगाराचा दाखला, मुलांच्या शाळेची नावं, एवढं सगळं आपण त्या दुकानात ठेवून येतो. म्हणून केंद्रात स्वतःचा प्रिंटर असणं आणि तो आपल्याला चालवता येणं, हा बाईच्या सुरक्षिततेचा भाग आहे.

आता कामाला लागू.

पहिला प्रश्न, कुठला प्रिंटर? आपल्या कामाला दोन प्रकार चालतात. लेझर प्रिंटरमध्ये कोरडी भुकटी असते, तिला टोनर म्हणतात. ती उष्णतेने कागदावर चिकटवली जाते. पान पाण्याने फिसकटत नाही आणि यंत्र महिनाभर बंद राहिलं तरी बिघडत नाही. दुसरा शाईच्या टाकीचा. तो वीज कमी खातो, रंगीत छपाई देतो, इन्व्हर्टरवरही चालतो. पण आठवड्यातून एकदा तरी पान काढलं नाही तर शाई वाळून बारीक छिद्रं बुजतात, आणि साध्या शाईचं पान भिजलं तर अक्षरं पसरतात. जिथे कोर्टाचे कागद जास्त तिथे लेझर बरा. जिथे दिवसाचे सहा तास वीज नसते तिथे टाकीचा.

खर्च काढताना यंत्राची किंमत बघून भुलू नका. समजा टोनर पंधराशे रुपयांना आला आणि त्यात पंधराशे पानं निघाली, तर पानाला एक रुपया पडला, कागद वेगळा. कंपनी पानांचा जो आकडा देते तो पानाचा साधारण पाच टक्के भाग काळा होईल असं धरून असतो. आपला दाट मजकूर त्याहून जास्त भुकटी खातो. शिवाय नव्या यंत्राबरोबर येणारा पहिला टोनर बऱ्याचदा अर्धवट भरलेला असतो. तेव्हा अनुदानाच्या अंदाजपत्रकात टोनर आणि कागद यांची ओळ वेगळी लिहा. नाहीतर यंत्र असतं आणि मार्च महिन्यात भुकटी नसते.

खोकं आलं की ते दोघींनी मिळून उघडा. आत रंगीत चिकटपट्ट्या असतात, बाहेरून आणि झाकणाच्या आतूनही. त्या सगळ्या काढा. एक जरी राहिली तरी आत घरघर होते. टोनरची नळी बाहेर काढा, आडवी धरून पाच-सहा वेळा हळू हलवा म्हणजे भुकटी सारखी पसरते. तिला बंद करणारी पट्टी असेल तर सरळ ओढून काढा. नळीवरच्या चकचकीत दंडगोलाला बोट लावू नका आणि तो उन्हात उघडा ठेवू नका, प्रकाशाने खराब होतो. भुकटी सांडली तर गरम पाणी लावायचं नाही, ती चिकटून बसते. थंड पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसायची, नाकाला पदर लावायचा.

वीज. लेझर प्रिंटरमधला तापणारा भाग सुरू होताना एकदम बरीच वीज ओढतो. म्हणून तो कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर जोडायचा नाही. भिंतीतल्या तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये थेट जोडायचा. एकाच एक्स्टेंशनवर पंखा, चहाची किटली आणि प्रिंटर लावणं आपल्याकडे सर्रास चालतं, ते थांबवा. जागा सपाट, उन्हापासून आणि खिडकीतल्या पावसापासून दूर, मागे हवा खेळेल अशी.

कागद. ए-4 म्हणजे 210 गुणिले 297 मिलिमीटर. लीगल त्याहून लांब, साडेआठ बाय चौदा इंच. ट्रेमध्ये एक कागद आणि कॉम्प्युटरवर दुसरा आकार निवडलेला असला की प्रिंटर दिवा लुकलुकवत थांबतो. लोकांना वाटतं बिघडला. तो फक्त विचारत असतो, बाई, कागद बदलू का? सर्वोच्च न्यायालयाने 2020 पासून आपल्याकडे दाखल होणाऱ्या कागदांसाठी ए-4 आकार आणि दोन्ही बाजूंनी छपाई मान्य केली. आपल्या तालुक्याच्या कोर्टात काय चालतं ते आधी वकिलाला किंवा कारकुनाला विचारून घ्या, म्हणजे पक्षकार बाईला दुसऱ्यांदा एस.टी.चं भाडं भरावं लागणार नाही. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि आत अडकतो. रीम उघडली की उरलेला कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवा. ट्रेमध्ये घालण्याआधी गठ्ठा पत्त्यांसारखा फुलवून घ्या.

आता जोडणी. यूएसबीची वायर बहुतेक वेळा खोक्यात नसते, वेगळी घ्यावी लागते. तिचं चपटं टोक कॉम्प्युटरला, चौकोनी टोक प्रिंटरला. पण थांबा. प्रिंटरबरोबरच्या कागदावर 'आधी सॉफ्टवेअर, मग वायर' असं लिहिलं असेल तर तोच क्रम पाळा. हे सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. तो दुभाष्या आहे. कॉम्प्युटरची भाषा वेगळी, प्रिंटरची वेगळी, दोघांमध्ये ड्रायव्हर बसतो. दुभाष्या चुकीचा निवडला तर पानावर अगम्य चिन्हांचा पाऊस पडतो. तो प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्यायचा, मॉडेलचा पूर्ण नंबर बघून. नंबर यंत्राच्या मागे किंवा झाकणाच्या आत असतो. तो वहीत लिहून ठेवा.

हल्लीच्या विंडोजमध्ये वायर लावली की प्रिंटर बहुधा आपोआप ओळखला जातो. नाही ओळखला तर सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडा आणि नवीन यंत्र जोडण्याचं बटण दाबा. प्रिंटरचं नाव दिसलं की त्यावर जाऊन चाचणी पान काढा. चाचणी पान आलं म्हणजे वीज, वायर आणि दुभाष्या, तिन्ही ठीक. मग तोच प्रिंटर नेहमीचा म्हणून ठरवून टाका. त्याच पानावर 'विंडोजला नेहमीचा प्रिंटर ठरवू द्या' अशा अर्थाची एक खूण असते, ती काढा. नाहीतर आपण छापा म्हणतो आणि मजकूर भलत्याच ठिकाणी जातो.

वाय-फायवर जोडायचा असेल तर कॉम्प्युटर, मोबाईल आणि प्रिंटर, तिघं एकाच नेटवर्कवर पाहिजेत. बरेच साधे प्रिंटर फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वाय-फाय ओळखतात, 5 चं त्यांना दिसतच नाही. अर्ध्या तक्रारी इथेच संपतात.

आता आपल्या सगळ्यांचा शत्रू, तो 'ऑफलाइन' शब्द. पान येत नाही तेव्हा घाबरून दहा वेळा प्रिंटचं बटण दाबू नका. दहा प्रती रांगेत जाऊन बसतात. हा क्रम पाळा. एक, प्रिंटर चालू आहे का, कागद आहे का, झाकण नीट लागलंय का? दोन, वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे का? तीन, रांग उघडून बघा, जुना अडकलेला मजकूर वाट अडवून बसला असेल तर तो रद्द करा. चार, 'प्रिंटर ऑफलाइन वापरा' यावर खूण आहे का बघा, असली तर काढा. पाच, वायर दुसऱ्या भोकात घातली असेल तर कॉम्प्युटर त्यालाच दुसरा प्रिंटर समजतो आणि त्याच नावाची नक्कल तयार करतो. आपण जुन्या नावावर पाठवत राहतो. सहा, दोन्ही यंत्रं बंद करून आधी प्रिंटर, मग कॉम्प्युटर सुरू करा. एवढं करूनही जमलं नाही तरच माणूस बोलवा, आणि तो काय करतो ते शेजारी उभं राहून बघा, विचारा, लिहून घ्या. पैसे आपण देतो, समजून घ्यायचा हक्क आपला आहे.

कागद अडकला तर आधी वीज बंद. तापणारा भाग पोळतो, थोडा वेळ थांबा. मग कागद दोन्ही हातांनी, तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने हळू ओढा. तुकडा आत राहिला तर पुढचं प्रत्येक पान तिथेच अडकणार.

मराठीची अडचण वेगळी आहे. आपल्या जुन्या फायली श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा फॉन्टमध्ये आहेत. त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली की 'अर्जदार' ऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहा. निर्मला हा फॉन्ट हल्लीच्या विंडोजमध्ये असतोच. दुसरीकडे पाठवायचा कागद पीडीएफ करून पाठवा, आणि पाठवण्यापूर्वी जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. पडद्यावर बरोबर आणि कागदावर अक्षरं तुटलेली येत असतील तर पीडीएफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'चित्र म्हणून छापा' असा पर्याय असतो, तो वापरून बघा. नावातला एक रफार गेला तर बाईच्या रेशनकार्डाशी अर्ज जुळत नाही. समोरचा वकील तेवढंच धरून बसतो.

शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग, गुप्तता. बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या बाईची ओळख उघड करणं हा 1983 पासून गुन्हा आहे. तेव्हा ते भारतीय दंड विधानातलं 228-अ कलम होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेतलं 72 कलम आहे. पण कलमाच्याही आधी आपला शब्द आहे. बाई आपल्यासमोर बोलते ती त्या शब्दावर.

म्हणून केंद्रात काही नियम करा. छापायला दिलं की यंत्राजवळ जाऊन उभं राहायचं, पान ट्रेमध्ये सोडून चहाला जायचं नाही. झेरॉक्सच्या काचेखालचा मूळ कागद उचलायचा. सगळ्यात जास्त कागद तिथेच विसरले जातात. खराब पान चार तुकडे करून नाही, अगदी बारीक फाडून टाकायचं. कोऱ्या बाजूला हिशोब लिहायला ते वापरायचं नाही, काटकसर दुसरीकडे करू. प्रिंटरच्या गुणधर्मांत 'छापलेले कागद राखून ठेवा' अशी खूण असते, ती नसल्याची खात्री करा. वाय-फाय प्रिंटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला, आणि 'वाय-फाय डायरेक्ट' लागत नसेल तर बंद ठेवा. मोठ्या प्रिंटर-झेरॉक्स यंत्रांत साठवण्याची डिस्क असते. असं यंत्र विकताना, भाड्याचं परत करताना किंवा दुरुस्तीला देताना ती पुसून घेतल्याशिवाय दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही.

पत्रकं काढणाऱ्या मैत्रिणींसाठी आणखी एक. बरेच रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक पिवळे ठिपके उमटवतात. त्यांत यंत्राचा नंबर आणि छपाईची वेळ असू शकते. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या संस्थेने 2005 साली एका प्रिंटरचे असे ठिपके उलगडून दाखवले. घाबरायचं कारण नाही, पण माहीत असावं.

एक सूचना करून थांबते. केंद्रात एकच 'कॉम्प्युटरवाली' ठेवू नका. ती रजेवर गेली की केंद्र मुकं होतं, आणि नकळत तिच्या हाती सत्ता येते. पुरुषाकडची चावी एका बाईकडे गेली, एवढ्याने आपलं काम झालं असं नाही. दर महिन्याला पाळी बदला. प्रत्येकीने एकदा तरी वायर काढून परत जोडावी, टोनर बदलावा, अडकलेला कागद काढावा, चाचणी पान काढावं. वर सांगितलेले सहा मुद्दे मोठ्या अक्षरात लिहून प्रिंटरच्या वर भिंतीवर लावा. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांच्यासाठी चित्रं काढा. आणि केंद्रात आलेल्या बाईला शक्य असेल तेव्हा तिच्याच हाताने तिचा अर्ज छापू द्या. बटण दाबल्यावर आपलं नाव, आपलं म्हणणं स्वच्छ अक्षरात बाहेर येताना बघणारी बाई खुर्चीत जरा ताठ बसते. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

दुपारी बाहेरच्या खोलीत दोन प्रिंटर खोक्यात बंद ठेवले आहेत. चार-चारजणींचे गट करू. मी कशालाही हात लावणार नाही. जोडायचे तुम्हीच.